गडगड्या अमेरिकेच्या खिडकीशी

नट वाक्य विसरला की ते सगळ्यांत आधी कळतं विंगेत ढगांच्या आवाजाचा पत्रा धरून उभ्या असलेल्या माणसाला. समोरचं वाक्य संपलेलं असतं, पुढचं यायला हवं आणि येत नाही. एक श्वास जातो, दुसरा जातो. प्रेक्षकांना अजून वाटत असतं की नट मुद्दामच थांबलाय. अशा वेळी पत्रेवाल्याने काय करायचं, हे कुठल्याच संहितेत लिहिलेलं नसतं. गडगड्या मात्र पत्रा हलवायचा. दूर कुठेतरी ढग गुरगुरला की नट दचकून खिडकीकडे बघायचा, खिडकीतून आकाशाकडे बघायचा, आणि आकाशातून त्याला ते विसरलेलं वाक्य बरोब्बर सापडायचं.

एकदा भर दुपारच्या प्रवेशात, लख्ख पिवळ्या प्रकाशात, नायिकेचा बाप अडला आणि गडगड्याने ढग आणला. दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने लिहिलं, की त्या मेघगर्जनेतून कुटुंबावर येऊ घातलेल्या संकटाचं फार सूचक दर्शन घडतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत दिग्दर्शकाने तो ढग तिथेच ठेवला. नायिकेचा बाप मात्र मेकअप उतरवताना गडगड्याच्या पाया पडला होता.

त्याचं खरं नाव नाटक कंपनीच्या पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. तरुणपणी चिकटलेलं गडगड्या हे नाव केस पिकले तरी सुटलं नाही. त्याचा तो पत्रा माणसाच्या उंचीचा, सपाट, एका बंद पडलेल्या छापखान्यातून उचललेला. डाव्या विंगेत दोन दोरांवर टांगलेला असायचा. लांबचा ढग हवा असेल तर बोटांनी नुसती कड थरथरवायची. जवळ आणायचा असेल तर मनगट, मग कोपर, मग खांदा. आणि शेवटी पत्र्यावर तळहात अलगद टेकवून तो गडगडाट विझवायचा. हे विझवणं अवघड. आवाज काय, कुणीही करतो, असं गडगड्या म्हणायचा.

त्याच्याकडे वाटाण्यांचा पाऊस होता, करवंट्यांचा घोडा होता, आणि कडी, बोल्ट, कुलूप असं सगळं बसवलेला एक दीड हाताचा दरवाजा होता, ज्यातून आजवर कुणी आत आलं नव्हतं की बाहेर गेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो अमेरिकन सिनेमाला जायचा आणि डोळे मिटून बसायचा. शेजारच्याला वाटे, हा झोपला. तो ऐकत असायचा. त्याच्या लेखी अमेरिका म्हणजे गाडीचं दार बंद होण्याचा तो जाड, गुबगुबीत आवाज. "काय दार लावतात हो," तो बायकोला सांगायचा, "मन भरतं."

बायको टेलिफोन खात्यात होती. परदेशचे कॉल जोडून द्यायची. कानाला यंत्र लावून उमेदीची सगळी वर्षं लोकांची बोलणी जुळवण्यात गेली. नवरा आवाज काढणारा आणि बायको आवाज पोचवणारी, म्हणून घरात शांतता बरी नांदायची.

पुढे नाटकात ढग लॅपटॉपमधून यायला लागले. गडगड्या निवृत्त झाला आणि पत्रा घरी आला. तो दिवाणखान्याच्या भिंतीला टांगला. बायकोने पहिल्या आठवड्यात त्यावर ओला टॉवेल टाकला आणि दोघांत बोलाचाली झाली. मग तह झाला, की टॉवेल नाही, पण धूळ पुसणं त्याच्याकडे.

त्यांची एकुलती लेक अमेरिकेत. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस राहिले होते तेव्हा आईवडिलांनी व्हिसासाठी अर्ज केला. काचेच्या खिडकीतल्या माणसाने तीनचार प्रश्न विचारले आणि नकाराचा एक छापील कागद सरकवला. कारण सांगितलं नाही. आईने बांधलेल्या बॅगा पुन्हा सोडल्या. ते बाळ राहिलं नाही. तेव्हा आयुष्यभर दुसऱ्यांचे परदेशचे कॉल जोडणारी ही बाई लेकीशी फोनवर बोलत होती; म्हणजे बोलत काही नव्हती, दोघी नुसत्या फोन धरून होत्या. गडगड्या शेजारी बसला होता. त्या शांततेवर घालायला त्याच्याकडे एकही आवाज नव्हता.

तेव्हापासून त्याने अमेरिकेचं नाव टाकलं. लेकीला फोनवर विचारायचा, "तुमच्या त्या गावात थंडी आहे का?" सिनेमे बंद केले. कुणी अमेरिकेचं कौतुक काढलं की म्हणायचा, "दार छान लावतात. तोंडावर."

आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. "आई हवी," एवढंच तिने म्हटलं आणि पुन्हा अर्ज भरले गेले.

आणि नेमका याच वेळी गडगडाट चोरीला गेला.

झालं असं, की गडगड्याचा भाचा बँकेत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी त्याने मामाच्या जुन्या कॅसेटवरचे आवाज संगणकात घेतले आणि सगळ्यांना ऐकता येतील असे इंटरनेटवर टाकले. पाऊस, घोडा, दरवाजा, आणि सर्वांत वर तो गडगडाट. ऐकणारे बहुतेक म्हातारे नट. एकाने खाली लिहिलं होतं, "या ढगाने माझी अब्रू तीनदा वाचवली आहे." गडगड्या ते वाक्य रोज उघडून बघायचा.

एका सकाळी गडगडाटाच्या जागी काळा चौकोन आला. भाच्याने येऊन तो वाचून दाखवला. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या तक्रारीवरून हा आवाज काढून टाकण्यात आला आहे.

"म्हणजे?" गडगड्याने विचारलं.

"त्यांच्याकडे आवाजांचं मोठं भांडार आहे, मामा. सिनेमावाल्यांना विकतात. त्यातल्या एका गडगडाटाशी तुमचा जुळला. मशीन तपासतं हे सगळं. त्यांचं म्हणणं, तो त्यांच्या मालकीचा."

"गडगडाट मालकीचा?"

"ढगांचा नाही हो, रेकॉर्डिंगचा हक्क."

"अरे, माझ्यात ढग कुठे आहे? पत्रा आहे. तो बघ, समोर टांगलाय. विचार त्याला." गडगड्या उठला. "लेकीच्या घरात पाऊल टाकू देत नाहीत, आणि माझ्या घरातला ढग उचलून नेतात. हे बरंय."

भाच्याने सांगितलं, की उलटा अर्ज करता येतो. आवाज माझाच आहे, चुकीने काढलात, असा. कंपनीने ठरावीक मुदतीत कोर्टात दावा लावला नाही तर आवाज परत जागेवर येतो. अर्ज भरता भरता तो शेवटच्या ओळीवर थांबला. "मामा, इथे असं लिहून द्यावं लागतं, की यावर वाद झाला तर अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे."

"मान्य," गडगड्या म्हणाला. "बोलवा म्हणावं. पत्रा घेऊन येतो."

नावाखाली बटण दाबलं गेलं. रागाच्या भरात माणसाला फार हलकं वाटतं, तसं त्याला वाटलं. त्याच संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, व्हिसाची तारीख आली. पुढच्या आठवड्यातली."

गडगड्याच्या हातातली वाटी खाली पडली. आवाज चांगला आला, पण या वेळी त्याचं लक्ष नव्हतं.

त्याच्या डोक्यात अमेरिका म्हणजे एकच ऑफिस होतं. लांबलचक टेबल, त्याच्या एका टोकाला गडगडाटवाले, दुसऱ्या टोकाला व्हिसावाले, मधे चहा पीत बसलेले. एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं, "हा गडगड्या कोण रे?" की संपलं. अर्ज दोघांचा एकत्र होता. त्याच्यापायी बायकोचाही कागद परत आला असता. आणि लेकीने याही वेळी नुसता फोनच धरून बसायचं का? तो जेवेना. बायकोने विचारलं तर पित्ताचं नाव सांगे. भाच्याला गुपचूप फोन करून म्हणाला, "तो अर्ज मागे घे." भाचा म्हणाला, "घेतला तर आवाज कायमचा जाईल, मामा." गडगड्याने भिंतीवरच्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाऊ दे." आणि लगेच, "थांब, उद्या सांगतो."

मुलाखतीची तालीम मात्र व्हायलाच हवी होती. नाटकवाल्याच्या घरात तालमीशिवाय कुणी दातांच्या डॉक्टरकडेही जात नाही. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर चादर टाकून खिडकी केली. पलीकडे भाचा साहेब होऊन बसला. बायको आणि गडगड्या अलीकडे उभे. टेबलावर फोन ठेवलेला, त्यातून लेक दिग्दर्शन करत होती.

"बाबा, विचारलं तेवढंच सांगायचं. भाषण नको."

"मी कधी भाषण केलं? मला आयुष्यात एक वाक्य नव्हतं."

"म्हणूनच भीती वाटते. दादा, पुढचा प्रश्न घे. कोर्टकचेरीचा."

चादरीमागून भाचा खोकला. "तो राहू दे."

"राहू दे कसा? विचारू शकतात. बाबा, अमेरिकेत तुमच्यावर काही खटला वगैरे? म्हणा, नाही."

गडगड्या गप्प. भाचा चादरीची शिवण बघू लागला.

बायकोने मान वळवली. लाइन कट झाली आहे की पलीकडचा माणूस मुद्दाम बोलत नाहीये, हे ओळखण्याचाच तिला पगार मिळत होता. "काय केलंय तुम्ही?" तिने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. फोनवर लेक दोनदा "बाबा" एवढंच म्हणाली. गडगड्या खुर्चीत बसला. "मागे घेतो मी ते. तुझं जाणं होऊ दे. ढग काय, गेला तर गेला."

बायको पाणी प्यायली, पेला ठेवला. "आमच्या खात्यात बिलाचं ऑफिस कुठे होतं?"

"समोरच्या इमारतीत."

"समोरच्या. मधे एक रस्ता. मी निवृत्त होईपर्यंत त्या लोकांना माझं नावसुद्धा नीट लिहिता आलं नाही. आम्ही कॉल तोडला तरी ते बिल लावायचे. आणि तुम्हाला वाटतं, अमेरिकेत एका ऑफिसचं दुसऱ्याला कळतं? ती काय देवमाणसं आहेत? तीही नोकरीच करतात." तिने भाच्याकडे पाहिलं. "मागेबिगे काही घेऊ नकोस. आणि तुम्ही, विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. जेवायला चला आता, पित्त उतरलं असेल."

पित्त उतरलं होतं. तो पोटभर जेवला.

ठरल्या दिवशी दोघं त्या मोठ्या दालनात जाऊन बसले. ओळीने खुर्च्या, समोर जाड काचांच्या खिडक्या, बोलायला काचेत छोटी जाळी. गडगड्याला सवयीने वाटून गेलं, की इथे आवाज काही नीट पोचत नाही. एक पोरगी खिडकीपासून वळली ती ओठ चावतच. तिच्यामागून एक आजोबा हसत आले. काय बघून कुणाला काय देतात, कळत नव्हतं. बायकोने त्याचा हात धरला होता. घरात ती असा धरत नाही.

खिडकीमागे कोवळ्या वयाचा गोरा साहेब होता, शेजारी दुभाषी बाई. कुठे जायचं, कुणाकडे, किती दिवस, मुलगी काय करते. उत्तरं बायकोने दिली, मोजून, एकेका वाक्यात. तालमीपेक्षा चांगली.

मग साहेबाने पडद्याकडे मान वळवली आणि तो वाचायला लागला.

वाचतच राहिला. बोट एकदा कीबोर्डवर टेकलं, पुन्हा उचललं. दुभाषी बाई छताकडे बघत होती. एक श्वास गेला, दुसरा गेला. दालनातला आवाजसुद्धा तेवढ्यात कमी झाला. गडगड्याची बोटं पँटच्या शिवणीवर थरथरायला लागली. ही शांतता त्याने ओळखली होती. कुणीतरी अडलं होतं. आणि कुणी अडलं की काय करायचं, हे त्याच्या हाडांना ठाऊक होतं. डोक्याला विचारायला त्यांना वेळच नव्हता.

"तो गडगडाट माझाच आहे," गडगड्या म्हणाला.

बायकोने डोळे मिटले.

साहेबाने वर पाहिलं. दुभाषी बाईने जरा घुटमळून भाषांतर केलं.

"कुठला गडगडाट?" त्याने विचारलं.

आता मागे फिरणं नव्हतं. गडगड्याने सांगितलं. पत्रा, नाटक, काळा चौकोन, कंपनी, आणि ती कोर्टाची ओळ. दुभाषी बाई एकदोनदा थांबली, पण पुरं सांगितलं.

साहेबाच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे तुम्ही कोर्टाच्या कामासाठी अमेरिकेला जाताय?"

गडगड्या तोंड उघडणार तेवढ्यात बायको जाळीपाशी वाकली. "साहेब, हा माणूस कोर्टासाठी समोरच्या चौकापर्यंत रिक्षा करणार नाही. मुलीचं मागचं बाळ राहिलं नाही. तेव्हा मी फोनवर होते. या वेळी मला तिथे असायचंय. हे सोबत येतील, कारण यांना एकटं ठेवलं तर हे अजून कुठेतरी सह्या करतील."

दुभाषी बाईने हे सांगताना शेवटी ओठ दाबून धरले. साहेबाने बायकोकडे पाहिलं, मग गडगड्याकडे.

"तो वाद आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला. "त्याच्याशी माझा काही संबंध नाही. मला फक्त एक बघायचं असतं. गेलेला माणूस परत येणार का. तुम्ही परत का याल?"

हा प्रश्न तालमीत झाला होता. घर, पेन्शन, नातेवाईक असं उत्तर पाठ होतं. गडगड्याला त्यातलं एक अक्षर आठवेना.

"पत्रा इथे आहे," तो म्हणाला.

दुभाषी बाईने सांगितलं. साहेब क्षणभर काही बोलला नाही. या वेळी गडगड्याने दोन्ही हात खिशात कोंबले आणि ती शांतता तशीच राहू दिली.

"तुमचा व्हिसा मंजूर आहे," साहेब म्हणाला. पासपोर्ट आत ठेवून घेतले आणि पुढच्या नंबराचं बटण दाबलं.

बाहेर आल्यावर बायको फूटपाथच्या कठड्यावर बसली. पदर तोंडाला लावून ती रडते आहे असं गडगड्याला वाटलं, पण ती हसत होती. हसता हसता थोडी रडलीही. मग म्हणाली, "पत्रा इथे आहे. आणि मी कुठे आहे?"

"तू बरोबर येणार होतीस," तो म्हणाला. "तुला इथे कसं ठेवू?"

"सुचलं बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या हाताला धरून उठली.

बॅगा भरत असतानाच्या एका दुपारी भाचा आला. अमेरिकेतल्या त्या कंपनीतल्या कुणा बाईचा मेल आला होता. तिने दोन्ही आवाज स्वतः बसून ऐकले होते. तक्रार मशीनने केली होती, तुमचा गडगडाट तुमचाच आहे, तक्रार मागे घेतली आहे, असं तिने लिहिलं होतं. खाली थोडं आणखी होतं. आमचाही ढग पत्र्याचाच आहे. आमच्या स्टुडिओतल्या एका माणसाने तो फार वर्षांपूर्वी केला. मी लागले तेव्हा तो निवृत्त झाला होता. तुम्ही शेवटी आवाज कसा मिटवता, ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं.

"पुन्हा वाच," गडगड्या म्हणाला. भाच्याने वाचलं.

"त्यांच्याकडेही एक होता म्हणजे." तो पत्र्यासमोर जाऊन उभा राहिला. इतके दिवस ज्याला चोर समजून शिव्या घातल्या, तो कुठल्यातरी स्टुडिओत घामाघूम होऊन पत्रा हलवत उभा होता. त्यालाही वाक्यं नसणार. "विझवायचा कसा तो? जरा ऐकव."

भाच्याने शोधून त्यांचा गडगडाट लावला. गडगड्याने डोळे मिटले. "मनगट चांगलंय," तो शेवटी म्हणाला. "टेकवताना घाई केली. कुणीतरी हाक मारली असेल." मग त्याने भाच्याला त्या बाईला उत्तर लिहायला सांगितलं, की त्या माणसाला माझा नमस्कार कळवा, आणि तो नसेल तर त्याच्या घरच्यांना.

पुढे परत आल्यावर ओळखीचे विचारायचे, अमेरिका कशी आहे? तर तो उलट विचारायचा, "कुठल्या खात्याची?" विचारणाऱ्याला वाटे, म्हातारा चेष्टा करतोय. पण ते नंतरचं.

विमानातून उतरल्यावर पुन्हा एक रांग आणि पुन्हा एक खिडकी होती. बायकोने त्याला बजावलं, "हात खिशात." त्याने आधीच घातले होते. खिडकीतल्या बाईने फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले, किती दिवस एवढंच विचारलं, शिक्का मारला. पुढच्या टेबलावरच्या माणसाने बॅगेला हातसुद्धा लावला नाही. दरवाजे आपोआप सरकले.

लेक कठड्याला धरून उभी होती. पोट चांगलं दिसत होतं, चेहरा भरला होता. आई सामानाची गाडी तशीच सोडून पुढे गेली. कठड्यावरूनच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गडगड्या गाडी ढकलत मागून आला. गाडीचं एक चाक तिरकं होतं, ती सारखी भलतीकडे जात होती.

लेकीने डोळे पुसत विचारलं, "बाबा, आत काही त्रास झाला का? काही विचारलं?"

"नाही गं," गडगड्या म्हणाला. "कुणी काहीच विचारलं नाही."

"त्याचंच जरा वाईट वाटलंय त्यांना," आई म्हणाली.

लेक हसली, हसताना पोटावर हात ठेवून जरा वाकली, तशी दोघंही घाबरून तिच्याकडे धावली. "काही नाही," ती म्हणाली, "लाथ मारली आतून." आणि आईचा हात ओढून तिने तिथे ठेवला.